सायकल दुरुस्तीच्या सामुदायिक कार्यशाळेला मदत करायची आहे, पण दुरुस्ती येत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घराजवळ स्वयंसेवकांनी चालवलेली, नफा न कमावणारी सायकल कार्यशाळा आहे. लोक तिथे येऊन आपली सायकल आपल्या हातांनी दुरुस्त करतात, आणि दान आलेल्या जुन्या सायकली नीट करून गरजूंना दिल्या जातात. तुम्हाला हे काम मनापासून आवडलंय, पण तुम्ही कधी पाना हातात धरलेला नाही. संकुलाच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या तीसेक सायकली गोळा करून तिथे पोचवाव्यात, असं तुमच्या मनात आहे. हे करावं, की पैसे द्यावेत, की सुट्टीच्या दिवशी जाऊन काम करावं?

बरीच वर्षं अशा कार्यशाळांमध्ये काम करतोय, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. शक्य असेल तर दरमहा ठरावीक रक्कम द्या, मग ती लहान का असेना. येणं जमत असेल तर एक वेळ ठरवून घ्या आणि ती पाळा. सायकली गोळा करण्याचा बेत सगळ्यात शेवटी ठेवा, आणि तोही कार्यशाळेला विचारून.

हे वाचून तुमचा हिरमोड होईल याची कल्पना आहे, कारण सायकली देणं ही सगळ्यात डोळ्यांना दिसणारी मदत आहे. पण अशा ठिकाणी टंचाई सायकलींची नसते. टंचाई असते ती जाणत्या हातांच्या तासांची, जागेची आणि रोज लागणाऱ्या किरकोळ सामानाची. दान आलेली प्रत्येक सायकल या तिन्ही गोष्टी खाते. ती नीट होऊन बाहेर पडली तरच ते खाणं सार्थकी लागतं.

पार्किंगमध्ये दोन-तीन वर्षं उभी असलेली एक साधी सायकल घ्या. हवा गेल्यामुळे सगळा भार रिंगच्या कडांवर येऊन टायर दुमडलेला असतो आणि त्याच्या बाजूंना भेगा पडलेल्या असतात. हवा भरून टायर गोल दिसला तरी तो भरवशाचा नाही. चेनला गंज चढलेला. ब्रेकची केबल बाहेरून बरी दिसते, पण आवरणाच्या आत गंजून अडकते. ब्रेक दाबला की लागतो, सोडला की सुटत नाही. चाकांच्या हबमधलं, म्हणजे मधल्या गाभ्यातलं, ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं. ते खोलायचं, छर्रे काढायचे, कोनवर, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या भागावर, खड्डे पडलेत का ते बघायचं, नवं ग्रीस भरून बेताने आवळायचं. त्यात सीटचा दांडा ॲल्युमिनियमचा आणि फ्रेम लोखंडाची असेल तर दोन धातूंमध्ये ओल शिरून दांडा असा जाम होतो की नुसता तो सोडवण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

आता चेनचंच बघा. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच असतं. म्हणजे २४ अंतरं मोजली की नव्या चेनवर बरोबर १२ इंच भरतात. पिना झिजल्या की चेन लांबते. हेच माप १२ इंच आणि वर १/१६ इंच भरलं की चेन बदलायची वेळ आली. १/८ इंच वर गेलं असेल तर बहुतेक वेळा फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे, दातेही झिजलेले असतात, आणि त्यांच्यावर नवी चेन चढवली तर जोर लावताच ती उड्या मारते. मग फ्रीव्हीलही नवं घ्यावं लागतं. फुकट मिळालेल्या सायकलीला अशी चेन, फ्रीव्हील, दोन ट्यूब, एखादा टायर, ब्रेकची रबरं आणि केबली लागतात, आणि जाणत्या माणसाचे चार ते सहा तास. शिकाऊ हातांना त्याच्या दुप्पट.

दान आलेल्या सायकलींपैकी, माझ्या पाहण्यात, निम्म्याही पुन्हा रस्त्यावर जात नाहीत. उरलेल्यांचे चालणारे भाग काढून घ्यायचे आणि सांगाडा भंगारात द्यायचा. लोखंड-ॲल्युमिनियमचे थोडे पैसे येतात. जुने टायर-ट्यूब मात्र कुणाला नको असतात. ते कोपऱ्यात साठत राहतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांची नीट विल्हेवाट लावायला उलट पैसे मोजावे लागतात. म्हणून न विचारता आणून टाकलेल्या तीस सायकलींनी एखाद्या छोट्या कार्यशाळेत लोकांना उभं राहायलाही जागा उरत नाही. मनात चांगला हेतू असलेल्या माणसाला हे सांगणं जड जातं, म्हणून कार्यशाळेतले लोक बहुधा गप्प बसतात आणि सायकली उतरवून घेतात.

हे सगळं कार्यशाळेच्या स्वरूपावर अवलंबून आहे, हेही तितकंच खरं. सगळ्या जागा एकसारख्या नसतात. काही ठिकाणी मुख्य काम शिकवण्याचं: वर्गणी भरा, हत्यारं वापरा, आपली सायकल आपण दुरुस्त करा. फ्रान्समध्ये अशा स्वतः-दुरुस्तीच्या कार्यशाळा भरपूर आहेत आणि ‘लरो सिक्लाज’ या नावाने त्यांचं देशभराचं जाळं आहे. काही ठिकाणी मुलांनी ठरावीक तास शिकायचं, सायकल खोलून-जोडून उभी करायची, आणि शेवटी ती त्यांची होते. काही कार्यशाळा सायकली नीट करून विकतात आणि त्यावर भाडं भागवतात. आणि काही दूरच्या देशांत पाठवतात. अमेरिकेतल्या बॉस्टनची ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ ही संस्था १९८४ साली सुरू झाली ती निकाराग्वाला सायकली पाठवण्यासाठीच. कंटेनर भरून सायकली पाठवणाऱ्या संस्थेला संख्या हवी असते, गंजकी चेन तिला फारशी अडत नाही. तिच्यासाठी तुमच्या तीस सायकली खरोखर मोलाच्या ठरतील. शिकवण्याच्या छोट्या कार्यशाळेसाठी त्याच तीस सायकली ओझं होतील. तुमच्या जवळची कार्यशाळा यांपैकी कोणती, हे एका फोनवर कळेल.

आता पैशांबद्दल. देणगीदारांना आपल्या पैशातून काय उभं राहिलं ते डोळ्यांनी बघायचं असतं, म्हणून ते अटी घालतात: हे पैसे मुलांच्या सायकलींसाठीच, हे फक्त नव्या हत्यारांसाठी. त्यामुळे अशी विचित्र परिस्थिती येते की सायकली वाटायला पैसे आहेत, पण पुढच्या महिन्याचं भाडं, वीज, विमा आणि चिंध्या-ग्रीस यांना पैसे नाहीत. या खर्चाचा फोटो काढून कुणाला दाखवता येत नाही, पण तो थांबला की शटर खाली येतं. म्हणून बिनशर्त दिलेली छोटी मासिक रक्कम अटी घालून एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा अनेकदा जास्त उपयोगी पडते. दर महिन्याला निदान अमुक इतके येणार हे माहीत असलं, तर माणसं जागेचा लांब मुदतीचा करार करायला धजावतात. जागा टिकली की स्वयंसेवक टिकतात, कारण दर वर्षी सामान बांधून दुसरीकडे जाण्याइतकं दमवणारं दुसरं काही नाही.

हिशोब मागायला संकोच करू नका. वर्षाचा जमाखर्च दाखवा म्हटल्यावर नीट चाललेली संस्था आनंदाने दाखवते. आणि तुमच्या ओळखीत कुणाकडे तळमजल्यावरची रिकामी खोली, गॅरेज किंवा गोदामाचा कोपरा असेल, तर तो मिळवून देणं ही कोणत्याही देणगीहून मोठी मदत होईल.

पैशांऐवजी सामान घेऊन द्यावंसं वाटलं तर एक खाचखळगा आधी सांगून ठेवतो. ‘२६ इंची टायर’ हे माप ऐकायला स्पष्ट वाटतं, पण ते पुरेसं नाही. डोंगरी सायकलीचा २६ इंची टायर ज्या रिंगवर बसतो तिचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो, तर २६ × १ ३/८ असं लिहिलेला टायर ५९० मिलिमीटरच्या रिंगवर बसतो. नाव तेच, फरक तीन सेंटिमीटरहून जास्त. २७ इंची रिंग ६३० मिलिमीटरची, आणि ७०० सी म्हणतात ती ६२२ची, जिच्यावर २९ इंची म्हणून विकले जाणारे टायरही बसतात. जुन्या धाटणीच्या उंच सायकलींचा २८ × १ १/२ टायर ६३५चा. टायरच्या कडेला ‘३७-६२२’ असा दोन आकड्यांचा जोड छापलेला असतो. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिंगचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. तोच खरा. म्हणून मनाने टायर घेऊ नका, कार्यशाळेकडून यादी घ्या. यादीत बहुधा फार साध्या गोष्टी असतील: ठरावीक मापांच्या ट्यूब, पॅच, सोल्युशन, ब्रेकच्या केबली, ब्रेकची रबरं. घरातले जादाचे पाने आणि हातोड्या मात्र नेऊ नका. सायकलीला लागतात ते पातळ कोन-पाने, चेन तोडायचं हत्यार, केबल स्वच्छ कापणारी कात्री आणि पॅडलचा १५ मिलिमीटरचा लांब पाना. चेन-हत्यार सतत वापरून मोडतं, कोन-पाने गहाळ होतात. ते पुन्हा घ्यायला कधीच पैसे नसतात.

वेळेबद्दल तुमच्या मनात सगळ्यात जास्त धाकधूक दिसते: मला काही येत नाही, तिथे जाऊन मी करणार काय? माझ्या मते अशा कार्यशाळेत सगळ्यात कमी मिळणारा माणूस मेकॅनिक नसतो. दारात उभा राहणारा माणूस सगळ्यात कमी मिळतो. नवा माणूस आत येतो तेव्हा आधीच बिचकलेला असतो. हात काळे झालेले चार लोक सायकलींवर वाकलेले असतात आणि कुणी मान वर करत नाही. अशा वेळी कुणीतरी हसून विचारलं की ‘या, काय झालंय सायकलीला?’, नाव नोंदवून घेतलं, इथे आपण स्वतः काम करायचं असतं हे सांगितलं, थांबावं लागेल तर किती ते सांगितलं, तर ती व्यक्ती टिकते. हे काम करायला कुणी नसलं की दर पाच मिनिटांनी मेकॅनिकला हातातलं सोडून उठावं लागतं, आणि ज्याची सायकल अर्धवट खोललेली आहे तो ताटकळतो. एका संध्याकाळी दारात तुम्ही उभे राहिलात तर आतल्या दोन-तीन मेकॅनिकांचा वेळ मोकळा होईल.

याच जोडीचं दुसरं काम म्हणजे हत्यारांचा फळा. भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली असते आणि हत्यार तिथेच टांगायचं असतं. बंद करताना फळ्यावर रिकामी रेषा दिसली की शोधायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण दमलेले मेकॅनिक ते टाळतात आणि महिन्याभरात अर्धा फळा रिकामा होतो. शिवाय सुट्या भागांच्या पेट्या लावणं, हिशोब लिहिणं, अनुदानाचे अर्ज भरणं, दान आलेल्या सायकलींचे फ्रेम नंबर नोंदवणं, ही सगळी कामं पडून असतात. अनुदानाचा अर्ज नीट लिहिता येणारा माणूस मिळाला तर कार्यशाळा त्याला जपून ठेवते.

तरीही दुरुस्ती शिकावीशी वाटली तर जरूर शिका, आणि सुरुवात पंक्चरपासून करा. येणाऱ्यांमध्ये पंक्चरवाले सगळ्यात जास्त असतात, आणि पंक्चर नीट काढणं हे पॅच चिकटवण्यापुरतं नसतं. आधी छिद्र कुठे आहे ते बघायचं. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला असेल तर टायरमध्ये काच किंवा काटा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून तो काढायचा, नाहीतर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर जाईल. छिद्र आतल्या, म्हणजे रिंगकडच्या अंगाला असेल तर रिंगपट्टी, म्हणजे आऱ्यांची टोकं झाकणारी पट्टी, सरकलेली असते आणि आऱ्याचं टोक ट्यूबला टोचत असतं. शेजारी-शेजारी दोन छिद्रं दिसली तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिंगने ट्यूब चिमटली. मग जागा सँडपेपरने घासून खरखरीत करायची, सोल्युशनचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला चकाकायचा थांबेपर्यंत वाट बघायची. ओल्यावर पॅच लावला तर तो धरत नाही. हे धीराचं काम आहे आणि तुम्ही एका संध्याकाळी शिकाल.

दुसरी माहिती अशी ठेवा, जी पहिल्याच दिवशी उपयोगी पडेल: डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. डावं पॅडल घड्याळाच्या दिशेने सुटतं, उजवं नेहमीसारखं उलट दिशेने. हे माहीत नसलेला माणूस जोर लावून ते आणखी आवळत बसतो, किंवा बसवताना चुकीच्या दिशेने फिरवून क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे खाऊन टाकतो. मग पूर्ण क्रँक बदलावा लागतो.

शिकलात की आणखी अवघड गोष्ट समोर येईल: समोरच्याच्या हातातून पाना न घेणं. तो चाचपडत असतो, तुम्हाला दिसत असतं, आणि दोन मिनिटांत करून टाकावंसं वाटतं. पण पाना घेतलात की तो बघ्या होतो, आणि पुढच्या वेळी तीच सायकल घेऊन परत तुमच्याकडे येतो. दाखवायचं असेल तर पुढच्या चाकावर दाखवा, मागचं त्याला करू द्या. अपवाद सुरक्षेचा. ब्रेक, चाकांचे नट, हँडलची पकड या गोष्टी सायकल बाहेर पडण्याआधी दुसऱ्या जाणत्या माणसाने तपासायच्याच, दुरुस्ती कुणीही केलेली असो. मी जिथे काम केलं तिथे हा नियम मोडू दिला नाही, आणि तुमच्या कार्यशाळेत तो नसेल तर तो घालावा म्हणून आग्रह धरा.

तुमच्या ऑफिसमधून पंचवीस जणांना एका दिवसासाठी आणू का, असंही तुम्ही विचारलंय. आणता येईल, पण त्या दिवशी कामही तसंच हवं: भंगारात जाणाऱ्या सायकली खोलून भाग सुटे करणं, नट-बोल्ट मापानुसार लावणं, भिंती रंगवणं. दर चार-पाच जणांमागे एक जाणता माणूस लागतो. तेवढे जाणते नसतील तर गट लहान करा. रस्त्यावर जाणारी सायकल त्या दिवशी कुणाकडूनही जोडून घेऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. आसपास सायकल दुरुस्तीवर पोट असलेले मेकॅनिक असतील तर कार्यशाळेने त्यांचं गिऱ्हाईक फुकटात ओढू नये. ज्याला पैसे परवडतात आणि शिकायचं नाही, त्याला त्यांच्याकडेच पाठवावं. चांगल्या कार्यशाळा हे करतात. तेच मेकॅनिक मग अडलेला बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलांच्या मधला जोड, सोडवून देतात आणि काढून ठेवलेले जुने भाग देतात.

राहिला तुमच्या संकुलातल्या सायकलींचा प्रश्न. कार्यशाळेने हो म्हटलं तर असं करा. बेवारस दिसणारी सायकल बेवारस असतेच असं नाही. प्रत्येकीवर चिठ्ठी बांधा, सूचनाफलकावर मुदत लिहा, आणि मुदत संपल्यावर व्यवस्थापनाकडून लेखी परवानगी घ्या. मालक सापडला तर त्याच्याकडून ‘मी ही सायकल देत आहे’ असं दोन ओळींत लिहून घ्या आणि त्यात फ्रेम नंबर टाका. तो सहसा पॅडलांच्या मधल्या जोडाखाली ठोकलेला असतो. चोरीची सायकल कार्यशाळेच्या माथी आली तर त्यांना फार त्रास होतो.

मग छाटणी. फ्रेमला वाक किंवा भेग आहे का बघा, विशेषतः हँडलखालच्या सांध्याजवळ. चाक उचलून फिरवा, सीटचा दांडा हलतो का पाहा. फ्रेम वाकलेल्या, आणि कमी दर्जाच्या, पुढे-मागे स्प्रिंगा असलेल्या जड सायकली, ज्यांचे भाग बदलताच येत नाहीत, त्या परस्पर भंगारात द्या आणि आलेले पैसे कार्यशाळेला द्या. लहान मुलांच्या बऱ्या अवस्थेतल्या सायकली वेगळ्या काढा. मुलं वाढतात म्हणून त्या कमी वापरलेल्या असतात आणि त्यांना मागणीही असते. उरलेल्या एकदम नेऊ नका. पाच-पाचच्या खेपा करा, आणि पुढची खेप आधीच्या पाच मार्गी लागल्यावर.

आणि सायकल देणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती करा: सायकलीबरोबर दोन ट्यूब, एक चेन आणि ब्रेक-केबलींचे पैसेही द्या. बहुतेक लोक देतात, कारण इतकी वर्षं पडून राहिलेली वस्तू कुणीतरी पुन्हा चालवणार आहे हे ऐकून त्यांना बरं वाटतं. ती रक्कम सायकलीच्या हँडलला पाकिटात बांधून, वर फ्रेम नंबर लिहून द्या. कार्यशाळेला ती सायकल दुसऱ्याच दिवशी हातात घेता येईल.